फावड्याचं कौतुक पुरे

टोरांटो, बफेलो, डेट्रॉइट, शिकागो या बर्फाळ पट्ट्यात कुणी ड्राइव्हवेखाली गरम पाण्याचे पाइप किंवा विजेच्या केबल टाकून घेतल्या, की त्याच्या नावानं बोलणं सुरू होतं. पैसा जास्त झालाय. कष्ट नकोत. जग तापत चाललंय आणि याला अंगण तापवायचंय. मराठी मंडळी जमली असतील तर त्यात आणखी एक सूर मिसळतो: आम्ही या देशात आलो तेव्हा पहाटे उठून फावड्यानं बर्फ उपसायचो आणि मग कामावर जायचो, आम्हाला काय झालं?

या मताची मांडणी साधारण ठरलेली आहे. बर्फ काढणं हा फुकटचा व्यायाम आहे. ज्याला जमत नाही त्यानं माणूस लावावा. निसरडं झालं तर मीठ टाकावं, ते स्वस्त पडतं. जमीन तापवून बर्फ वितळवणं ही विजेची आणि गॅसची उधळपट्टी आहे. आणि असली चैन श्रीमंतांनाच सुचते. ही विधानं इतक्या आत्मविश्वासानं केली जातात, की ती तपासून पाहावीत असं फारसं कुणाला वाटत नाही. तपासली तर त्यातलं एकही धड उभं राहत नाही.

आधी व्यायाम. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे धरा, सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब. रात्रीतून त्यावर पंधरा सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ पडला. असा बर्फ हलका, घनमीटरला शंभर किलोच्या आसपास. तरीही त्या साठ चौरस मीटरवर नऊशे किलो वजन येऊन पडलेलं असतं. एका फावड्यात सात किलो धरले तर सव्वाशेहून जास्त वेळा वाकायचं, उचलायचं आणि बाजूला फेकायचं. बर्फ ओला असेल तर वजन दुप्पट-तिप्पट. शिवाय हे सगळं सकाळी सहाला, शून्याखाली दहा अंशांत, नुकत्याच अंथरुणातून उठलेल्या शरीरानं आणि कामावर उशीर होतोय या घाईत. कोणता डॉक्टर साठीच्या माणसाला असा व्यायाम लिहून देईल?

फावडं मारताना पाय जवळपास जागच्या जागी असतात आणि सगळा ताण हात-खांद्यांवर येतो. वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, रक्तदाब झपकन चढतो. थंड हवेनं हृदयाच्या धमन्या आकसतात. म्हणजे हृदयाला जास्त रक्त लागतं नेमकं तेव्हाच ते कमी मिळतं. मिशिगनमधले संशोधक बॅरी फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही धडधाकट, पण व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांना ओला बर्फ उपसायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. व्यायामासाठी सुरक्षित मानलेली वरची मर्यादा त्यांनी पहिल्या दोन-तीन मिनिटांतच ओलांडली. हा प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुणांची ही गत, तर ज्यांच्या हृदयात स्टेंट बसलाय त्यांचं काय?

‘आम्हाला काय झालं’ या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. १९९० ते २००६ या सतरा वर्षांत अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत बर्फ उपसताना इजा झालेले सुमारे १ लाख ९५ हजार रुग्ण आले, म्हणजे वर्षाला सरासरी साडेअकरा हजार. कंबर, खांदे, हात, पडून मोडलेली हाडं. याच काळात १,६४७ माणसं मरण पावली, आणि ही सगळी हृदयाशी संबंधित मरणं होती. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली १९८१ ते २०१४ अशी तेहतीस-चौतीस वर्षांची नोंद २०१७ मध्ये मांडली गेली. वीस सेंटिमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं रुग्णालयात दाखल होण्याचा धोका १६ टक्क्यांनी आणि झटक्यानं मरण्याचा धोका ३४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. स्त्रियांमध्ये अशी वाढ दिसली नाही. संभाव्य कारण म्हणून अभ्यासकांनी बोट दाखवलं ते फावड्याकडेच.

जे वाचले ते बैठकीत आठवणी सांगतात. जे गेले त्यांची बाजू मांडायला तिथे कोण असतं?

मराठी घरांनी तर हा मुद्दा सगळ्यात आधी मनावर घ्यायला हवा. दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांमध्ये हृदयविकाराचं आणि त्यानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१८ मध्ये स्पष्ट नोंदवलं. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं अमेरिकेचे दरवाजे उघडले आणि त्यानंतरच्या वर्षांत जे इंजिनिअर, डॉक्टर पुण्या-मुंबईहून, नागपूरहून तिकडे गेले, ते आज पंच्याहत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. मुलं दुसऱ्या राज्यात, घर उपनगरात, ड्राइव्हवे लांब. या माणसांना ‘फुकटचा व्यायाम’ सुचवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. त्यांच्यातल्या एखाद्यानं साठवलेल्या पैशातून ड्राइव्हवे तापवून घेतला, तर त्याला हिणवायचा अधिकार कुणाला पोहोचतो? सत्तरीतला माणूस चौथ्या मजल्यावर राहत असेल तर त्याच्या सोसायटीनं लिफ्ट बसवू नये, जिन्यानं व्यायाम होतो, असं ठाण्यात किंवा कोथरूडमध्ये कुणी म्हणेल का?

मग म्हणतात, माणूस लावा.

माणूस लावता येतो, आणि लाखो घरं लावतातही. पण ट्रकला पातं लावून बर्फ ढकलणारा कंत्राटदार एका वादळात कितीतरी दारं फिरतो. तुमची पाळी पहाटे पाचला येईल की दुपारी अकराला, हे त्याच्या फेरीवर ठरतं. बर्फ ठरावीक जाडीचा झाल्याशिवाय तो येत नाही, आणि आल्यावर पातं जमिनीला टेकून सगळं खरवडून काढत नाही. खाली बोटभर थर राहतो. गाडीच्या चाकांनी तो दाबला जातो, दुपारच्या उन्हात थोडा वितळतो आणि रात्री काचेसारखा गोठतो. याला तिकडे ब्लॅक आइस म्हणतात, कारण तो दिसतच नाही, खालचं काळं डांबर तेवढं दिसतं. त्याच्यावरून कचऱ्याचा डबा ओढत नेताना माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांना त्यातला सगळ्यात वाईट भाग ठाऊक नसतो. रस्ता साफ करणारं पालिकेचं वाहन जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध टाकून जातं. टोरांटोत त्याला विंडरो म्हणतात. हा बर्फ ताजा, भुसभुशीत नसतो. त्यात रस्त्यावरचा चिखल, मीठ, वाळू आणि विटेएवढाली गोठलेली ढेकळं असतात. स्वतःचं अंगण तासभर खपून साफ केल्यावर हा बांध येऊन पडतो, आणि तो फोडल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. ड्राइव्हवेचं तोंड खालून गरम असेल तर याच ढेकळांचा तळ सुटतो आणि ती ढकलून बाजूला करता येतात. हा फरक वापरणाऱ्याला पहिल्याच वादळात कळतो.

स्नोब्लोअर हा पर्याय सुचवणारेही असतात. पेट्रोलवरचं धूड, मोठा आवाज, आणि ओला बर्फ अडकला की हात घालून मोकळं करण्याचा मोह. इंजिन बंद केल्यावरही पात्यात ताण उरलेला असतो. अडथळा निघताच ते गर्रकन फिरतं. बोटं जातात ती अशी.

आता मीठ. मीठ स्वस्त आहे हे विधान दुकानातल्या पिशवीच्या किमतीपुरतं खरं आहे. अमेरिकेत दर हिवाळ्यात रस्त्यांवर दोन कोटी टनांच्या आसपास मीठ पडतं. शिवाय घरोघरचे ड्राइव्हवे, दुकानांचे पार्किंग. हे मीठ कुठे जातं? ओढ्यात, तलावात, विहिरीत. त्यातला क्लोराइड कुजत नाही, विरत नाही, पाण्यातून सहज वेगळा करता येत नाही. चमचाभर मीठ एकोणीस लिटर गोडं पाणी कायमचं बिघडवतं, असं मिनेसोटा राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं नागरिकांना वर्षानुवर्षं सांगतं आहे. उत्तर अमेरिकेतल्या ३७१ तलावांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये आला. तलावाच्या काठचा अगदी एक टक्का भाग डांबर-काँक्रीटखाली गेला, तरी तो तलाव खारट होत जाण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं.

आणि कडाक्याच्या थंडीत, म्हणजे उणे नऊ अंशांच्या खाली, साधं मीठ जवळजवळ कामच करत नाही. मग लोक जास्त टाकतात. काँक्रीटचा पृष्ठभाग पापुद्रे सुटून झडतो, गाड्यांचे तळ गंजतात, कुत्र्यांचे पाय भाजल्यासारखे होतात. पर्यावरणाच्या नावानं गरम ड्राइव्हवेला नावं ठेवणारा माणूस संध्याकाळी निर्धास्तपणे मिठाची अर्धी पिशवी पायऱ्यांवर रिकामी करतो. त्याच्या दारचं मीठ ज्या तलावात उतरतं, तो तलाव पर्यावरणात मोडत नाही का?

राहिला ऊर्जेचा मुद्दा. विरोधकांचा हा सगळ्यात आवडता आक्षेप, आणि यातच हिशेब सगळ्यात कमी केलेला असतो. म्हणून तो नीट करायला हवा.

एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोजूल उष्णता लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात सूट नाही. वरच्या उदाहरणातले नऊशे किलो वितळवायला निव्वळ ८४ युनिट लागतील. जमीन तापवणं, वाऱ्यानं आणि वाफेनं जाणारी उष्णता धरली तर हा आकडा दुपटीवर जातो. विजेच्या केबल चौरस मीटरला साधारण ३०० वॅट घेतात; साठ चौरस मीटरला १८ किलोवॅट. दहा तास चालवलं तर १८० युनिट, युनिटला सोळा सेंट धरून २९ डॉलर. हिवाळ्यात अशी पंधरा वादळं आली तर २,७०० युनिट. अमेरिकन घर वर्षाला सरासरी साडेदहा हजार युनिट वीज वापरतं, म्हणजे हा त्याचा चौथा हिस्सा झाला. आक्षेप घेणारे इथे थांबतात आणि उधळपट्टी सिद्ध झाली म्हणतात.

पण गाडीला साठ चौरस मीटर लागतात कशाला? चाकं दोन पट्ट्यांवरून जातात. साठ-साठ सेंटिमीटरचे दोन पट्टे, दहा मीटर लांब, म्हणजे बारा चौरस मीटर. दारापर्यंतची पायवाट आणि पायऱ्या धरून पंधरा. साडेचार किलोवॅट, दहा तासांत ४५ युनिट, खर्च सात डॉलर. पंधरा वादळांचे मिळून ६७५ युनिट, घराच्या वर्षभराच्या विजेच्या साडेसहा टक्क्यांच्या आत. बाकीच्या अंगणात बर्फ पडून राहू दे, तो कुणाला अडवत नाही. हे काही नवं संशोधन नाही. चाकांपुरत्या पट्ट्यांची ही सोय बाजारात कधीपासून आहे. फरशीत बसवलेला सेन्सर थंडी आणि ओल दोन्ही असल्याशिवाय केबल चालूच करत नाही, आणि काँक्रीटखाली थर्माकोलसारखे उष्णतारोधक बोर्ड घातले की खाली जमिनीत जाणारी उष्णता बरीच अडते. क्वेबेकमध्ये तर जवळजवळ सगळी वीज धरणांतून येते. तिथल्या अशा ४५ युनिटांवर कार्बनचा ठपका कसा ठेवणार?

सबंध अंगण गॅसच्या बॉयलरवर हिवाळाभर तापतं ठेवणारेही आहेत, हे खरं. त्यांच्यासाठी नियम करता येतो, आणि एका गावानं तो केलाही आहे. कोलोराडोतल्या ॲस्पेन आणि पिटकिन काउंटीत २००० सालापासून अशी पद्धत आहे: बाहेरचा बर्फ वितळवायला किंवा उघडा जलतरण तलाव तापवायला ठरलेल्या मर्यादेपलीकडे ऊर्जा वापरायची असेल, तर घरमालकानं स्वतःच्या जागेत अक्षय ऊर्जेची सोय करावी, नाहीतर शुल्क भरावं. त्या पैशातून इतर इमारतींची ऊर्जाबचत आणि सौरऊर्जेची कामं होतात. जपानच्या नीगाता प्रांतातला अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. नागाओका शहरात १९६१ पासून जमिनीखालचं पाणी रस्त्यावर फवारून बर्फ वितळवतात. ते पुढे इतरत्र पसरलं, उपसा अती झाला आणि काही भागांत जमीन खचू लागली. उष्णता कुठून घ्यायची याचा विचार हवाच. तो विचार करणं म्हणजे फावड्याकडे परत जाणं नव्हे.

तो विचार जिथे झाला, तिथे श्रीमंतांच्या चैनीचा आरोपही गळून पडतो. मिशिगनमधलं हॉलंड हे लहानसं गाव घ्या. वीज केंद्रात इंधनातली बरीच उष्णता वीज न होता थंड करण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाते. १९८८ मध्ये बाजारपेठेचे रस्ते नव्यानं बांधताना गावानं तेच कोमट पाणी फुटपाथ आणि रस्त्यांखालच्या पाइपांतून फिरवायचं ठरवलं. एडगर प्रिन्स या स्थानिक उद्योजकानं त्याचा आग्रह धरला आणि सुरुवातीला पैसाही दिला. वादळातही तिथल्या फुटपाथवर काठी टेकत चालणारी आजी आणि मुलाची ढकलगाडी घेऊन निघालेली आई बाजारात जाऊ शकतात. दुकानं उघडी राहतात, मिठाची गरज पडत नाही. त्या फुटपाथवरून चालायला श्रीमंत असावं लागत नाही.

रेक्याविकमध्ये भूगर्भातलं गरम पाणी आधी घरांच्या रेडिएटरमधून फिरतं. तिथून बाहेर पडताना ते पस्तीस अंशांच्या आसपास असतं. घर तापवायला ते आता निरुपयोगी, पण बर्फ वितळवायला भरपूर. ते सरळ फुटपाथ, पार्किंग आणि ड्राइव्हवेखाली सोडलं जातं. तिथे सर्वसामान्य घराच्या दारातही ही सोय दिसते. ओरेगॉनमधल्या क्लॅमथ फॉल्सनं तर १९४८ मध्येच चढाच्या रस्त्याखाली भूगर्भातल्या उष्णतेवरचे पाइप घातले होते. हेलसिंकीत मध्यवर्ती पादचारी रस्त्यांखाली शहराच्या तापन व्यवस्थेतलं परतीचं पाणी फिरतं. फिनलंड आणि आइसलंडच्या माणसांना थंडीशी झुंजणं शिकवायला हवं, असं कुणी म्हणणार आहे का?

श्रीमंतांची चैन हा आरोप करणारे एक गोष्ट विसरतात. शिकागोत दिवसा पडलेला बर्फ रात्री दहापर्यंत आणि रात्री पडलेला सकाळी दहापर्यंत आपल्या दारच्या फुटपाथवरून काढणं घरमालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. म्हातारा, विधवा, पाठीचं ऑपरेशन झालेला, रात्रपाळी करून आलेला, सगळ्यांना. श्रीमंत माणूस या सक्तीतून केव्हाच सुटलेला असतो. त्याच्या दारात ट्रक येतो, माणूस येतो, गॅरेज तळघरात असतं. फावडं उरतं ते बाकीच्यांच्या हातात. जमिनीखालची उष्णता महाग म्हणून बदनाम करत राहिलं, तर ती कायम महागच राहील आणि कायम त्याच दारांत दिसेल.

खर्चाचं खरं गणित बांधकामाच्या दिवशी ठरतं. हे काम पाहण्यासारखं असतं. खडीवर उष्णतारोधक बोर्ड, त्यावर लोखंडी जाळी, जाळीला वीतभर अंतरानं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले नागमोडी पाइप. सगळ्यांची तोंडं भिंतीजवळच्या एका मॅनिफोल्डला, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या जोडनळीला, येऊन मिळतात. काँक्रीट ओतण्याआधी पाइपांत हवा भरून दाब चढवतात आणि गेजवर नजर ठेवून माणूस उभा राहतो. कुणाचं फावडं किंवा बूट लागून पाइपाला भोक पडलं, तर काटा खाली येतो आणि काँक्रीट ओलं असतानाच जोड मारता येतो. उताराच्या तळाशी पाणी वाहून जायला गटार ठेवतात, कारण वितळलेलं पाणी कडेला साचलं तर तिथेच पुन्हा गोठेल. एवढं काम त्या एका दिवशी झालं तर पाइपांचा खर्च एकूण खर्चात फार मोठा नसतो. बॉयलर किंवा हीट पंप नंतर ऐपत होईल तेव्हा जोडता येतो. पण पाइप न घालता काँक्रीट ओतलं, तर पुढे सगळं फोडूनच काढावं लागतं, आणि मग खर्च पाच आकडी डॉलरांत जातो.

म्हणून बर्फाळ गावातल्या पालिकांनी फुटपाथ उकरले की त्याच खेपेला खाली पाइप घालावेत. दवाखान्यांचे उतार, वृद्धांच्या वसाहतींचे रस्ते, शाळांच्या पायऱ्या, बसथांबे यांना पहिला मान द्यावा. जवळ वीज केंद्र, सांडपाणी प्रकल्प किंवा डेटा सेंटर असेल तर तिथली वाया जाणारी उष्णता तिकडे वळवावी. घरमालकांना चाकांचे दोन पट्टे आणि दारापर्यंतची वाट एवढ्यापुरतं अनुदान द्यावं, आणि पासष्टीच्या पुढच्यांना व हृदयरुग्णांना ते आधी द्यावं. मिठासाठी आणि अपघातांसाठी पैसा आजही खर्च होतोच आहे. मिसिसागा, नेपरव्हिल, ट्रॉय इथल्या मराठी मंडळांनी येत्या दिवाळीच्या कार्यक्रमात, पहिला बर्फ पडायच्या आत, आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी कुणाच्या दारात अजून फावडंच आहे याची यादी करावी आणि नोव्हेंबर संपायच्या आत त्यांच्या पायऱ्यांवर निदान विजेवर तापणाऱ्या चटया तरी टाकून द्याव्यात. त्या साध्या प्लगवर चालतात आणि बसवायला अर्धा तास लागतो.